गांजाचा डबा परत मागवता येतो, मग चटणीचं पाकीट का नाही?

जुळे_सोलापूरकर
कॅनडात २०१६-१७ मध्ये परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांजात मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक सापडलं. बॅच जाहीर करून माल परत मागवला, गिऱ्हाइकाच्या घरी गेलेलासुद्धा. गांजा चांगला की वाईट हा वाद इथे नको. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या मालाला परवानगी देता तर तो परत गोळा करायची सोयही त्याच दिवशी करा. आपल्याकडे २०२१ पासून भांगेच्या बिया आणि बियांचं तेल अन्न म्हणून विकता येतं. टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात १०. उद्या एखादी बॅच नापास झाली तर सोलापुरात सात रस्ता चौकातून गेलेली बाटली कुणाच्या फडताळात आहे, हे दुकानदार सांगू शकेल?

टिळक_चौक_कट्टा
काय बे, नशा करणाऱ्याचा माल शुद्ध आहे का हे सरकारनं बघायचं? ज्याला ओढायचंय त्यानं आपल्या जबाबदारीवर ओढावं. इथं दुधाची भेसळ धरायला माणसं मिळेनात.

नान्नजची_बाग
कट्टेकरी, थांबा जरा. मायक्लोब्युटानिल आम्ही द्राक्षावर भुरी रोगाला मारतो. खाण्याच्या मालात ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते चालतं. पण जाळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतं. म्हणजे तेच औषध घडावर वेगळं आणि चिलमीत वेगळं. तो गांजा घेणारे कितीतरी जण आजारी लोक होते, डॉक्टरच्या कागदावर घेत होते.

आणि माग काढणं अवघड आहे असं कुणी सांगू नका. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, म्हणजे वाढ रोखायला मारतो ते लिहोसिन. कंटेनर तिकडेच अडकले, बागायतदार झोपले. आज निर्यातीच्या पेटीवरून माझ्या प्लॉटपर्यंत पोचता येतं, रेसिड्यूच्या, म्हणजे उरलेल्या औषधाच्या रिपोर्टासकट. तीच द्राक्षं मार्केट यार्डात गेली की ना प्लॉट, ना रिपोर्ट. गोऱ्याच्या पोटाला नोंदणी, आपल्याला नुसती पाटी.

वकिलीतला_माणूस
परत मागवणं म्हणजे पुण्यकर्मच असतं असं नाही. २०१५ ची मॅगी आठवा. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांची मान्यताही धड नव्हती. एवढी मोठी कंपनी होती म्हणून सावरली. चाटी गल्लीतला छोटा व्यापारी एका चुकीच्या रिपोर्टात उठेल. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये माल परत घेण्याची तरतूद आहेच. आधी तपासणी विश्वासाची करा, मग डबे गोळा करा.

टिळक_चौक_कट्टा
हेच म्हणतोय मी. कॅलिफोर्नियात तर म्हणे तपासणीत पास झालेल्याच मालात कीटकनाशकं निघाली.

जुळे_सोलापूरकर
निघाली, २०२४ मध्ये, आणि ती वर्तमानपत्रानं माल विकत घेऊन तपासल्यावर. प्रयोगशाळेचे पैसे उत्पादकच देतो, मग सैल हाताचीच प्रयोगशाळा त्याला आवडणार. पण तिथे डब्यावर बॅच होती म्हणून नेमका तोच माल काढता आला. २०१९ ला अमेरिकेत व्हेपिंगमुळे, म्हणजे यंत्रातून गांजाच्या अर्काची वाफ ओढल्यानं, फुफ्फुसं गेली, तेव्हा बहुतेक माल चोरबाजारातला होता. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात, ६८ मृत्यू. त्या मालात व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे मिसळलेलं तेलकट द्रव्य होतं हे कळलं, पण परत मागवणार कुणाकडून?

वकीलसाहेब, मॅगीचं मान्य. पण त्यातून चांगली प्रयोगशाळा हवी एवढंच निघतं, बॅच नको असं नाही निघत.

शेंगाचटणी_फॅन
गांजाचं राहू द्या, आपल्या चटणीवर या. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते, त्यातून अफ्लाटॉक्सिन येतं आणि ते भाजूनही पुरतं जात नाही. यकृतावर बसतं. गेल्या आठवड्यात नवी पेठेत अर्धा किलो घेतली. पाकिटावर तारखेचा स्टिकर, त्याखाली आणखी एक स्टिकर. बॅच विचारली तर म्हणाला, "सकाळचीच आहे की वो, घ्या बिनधास्त."

वकिलीतला_माणूस
त्याला छापील लेबलाचा खर्च परवडेल का, हेही विचारायचं होतं.

नान्नजची_बाग
मेडिकलवाला दहा रुपयांच्या गोळीच्या बिलावर बॅच टाकतो. चटणीवाल्याकडे एक रबरी शिक्का आणि शंभर पानी वही असली तरी भागतं. दाणे कोणत्या पोत्यातले, कोणत्या दिवशी कुटले, कोणत्या दुकानाला किती दिले. आम्ही फवारणीची वही ठेवतोच की.

टिळक_चौक_कट्टा
वही ठेवतील ओ. तुम्ही बिल मागा आधी. तुम्ही बिनबिलाचं घेणार आणि वही त्यानं लिहायची होय?

शेंगाचटणी_फॅन
मागितलं होतं. पाकिटामागेच पेनानं रक्कम लिहून दिली.