तुमचा पहिला कॅमेरा, पहिली लेन्स: अनुभव लिहा

उन्हाळपाखरू
भाचा मागे लागलाय, ‘मामी, पहिला कॅमेरा कोणता घेऊ? फुल फ्रेम की क्रॉप?’ (म्हणजे आतला सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा की त्याहून लहान.) आणि नेमका परवा माळा आवरताना बाबांचा आगफा क्लिक थ्री निघाला. १२० नंबरचा रोल, बारा फोटो. ऊन की ढग, एवढाच काय तो विचार. बाबा सगळ्यांना उन्हात ताटकळत उभे करत, ‘हलू नका’ म्हणत आणि स्वतःच हलत. बारापैकी दोन फोटो सत्यनारायणासाठी राखीव, त्यामुळे गणपतीत घातलेला रोल होळीपर्यंत पुरायचा. तर लिहा. मॉडेलं चालतील, पण गोष्टीसकट.

गवती_चहा
निवडतंय कोण! आत्याने आणून दिला तो पहिला. याशिका एमएफ टू. फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टी वाजायची, की सगळे माना सरळ करायचे. छत्तीसच्या रोलात जपून भरलं तर सदतिसावा निघायचा. आमच्या प्रत्येक लग्नाच्या अल्बमात शेवटी एक बादली नाहीतर शेजारचं मांजर आहे. रोल संपवून धुवायला टाकायचा असायचा ना.

फाटकी_छत्री
हॉट शॉट!! खटाक!!

गवती_चहा
@छत्री 😀😀 त्या कॅमेऱ्याची जुनी जाहिरात! वय कळलं

कर्जत_फास्ट
भाच्यासाठी मुद्द्याचं, लोकलमधून लिहितोय. बॉडी साधी घे, पैसे लेन्ससाठी ठेव. माझी कॅननची क्रॉप बॉडी, सोबत १८-५५ एमएमची झूम लेन्स (आकडा मोठा तितकं जवळचं दिसतं). बरेच दिवस तीच वापरली, मग कंप्युटरवर बघितलं कुठला फोटो किती एमएमला काढलाय. निम्म्याहून जास्त ५५ला टेकलेले, सगळे चेहरेच. म्हणून झूम नसलेली, जास्त उजेड आत घेणारी ५० एफ १.८ घेतली. स्वस्त, हलकी, संध्याकाळच्या उजेडातही चालते. पण क्रॉपवर १.६ने गुणा, ८०सारखी वागते. पुतणीच्या बारशाला पाठ दाराला टेकली तरी पाळणा आणि आत्या एकत्र मावेनात, शेवटी जिन्यातून काढला. घरातल्या फोटोंना २४ किंवा ३५ बरी.
निकॉनवाल्यांनी बघून घ्या: डी३१००, डी५१०० वगैरेंच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० १.८ ‘डी’ लावली तर फोकस हाताने. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्या.
ठाणे आलं, बाकी रात्री.

उन्हाळपाखरू
हे १.६चं त्याला समजावताना माझीच दमछाक झाली. पाळण्याचं उदाहरण देते आता.

ताम्हन
लेन्स कुठलीही घ्या, ठेवणार कुठे ते आधी ठरवा. आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. कपाटात, चामड्याच्या पाऊचमध्ये अजिबात नको. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत नाही हं, ते पोटात जायला नको. आणि लेन्स अधूनमधून वापरा, नुसती पुजू नका.
आमच्या डब्यावर अजून ‘चकली’ लिहिलंय, आलागेला उघडून बघतो.

फाटकी_छत्री
चकली खमंग व्हायला भाजणीत काय घालता?

बोरीबंदर
फोर्टात बोरा बाजारातून सेकंडहँड पेंटॅक्स के१०००. त्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, संपली तरी शटर पडतं. दुकानातल्या काकांनी टॉर्च मारून लेन्समधून आरपार बघायला लावलं, ‘बुरशी बघ, अ‍ॅपर्चरच्या (उजेड कमीजास्त करणाऱ्या) पात्यांवर तेल बघ, मग किंमत विचार.’ पुढे जुनी लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावलंय. बायको लेन्स बघायला आली नव्हती तरी तिलाही.

ताम्हन
@छत्री धणे जरा सढळ. प्रमाण विपूत (विचारपुशीत) टाकते.

कर्जत_फास्ट
@बोरीबंदर पेंटॅक्सवरची लेन्स ५० असेल तर विकू नका. अडॅप्टर लावून मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) बसते. फोकस हाताने, पण स्वस्तात काम होतं.

बोरीबंदर
विकतोय कुठला. मुलीने आधीच ढापलीय. अडॅप्टरचं तिला सांगतो. ताम्हन, प्रमाण मलाही पाठवा.