रताळ्याला पालाश (पोटॅश) दुप्पट दिले की उत्पादन वाढते, हे कोणी ठरवले?

सरीवरंबा : रताळे हे पालाशखाऊ पीक असल्यामुळे शिफारशीच्या दुप्पट मात्रा द्यावी, म्हणजे रताळी आपोआप पोसतात, असे काल एका सदस्यांनी येथे ठामपणे लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही, कारण याच समजुतीपायी माझा एक हंगाम वाया गेला आहे. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे पोहोचवण्यात आणि तेथे तिचा स्टार्च करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देण्यात पालाशचा मोठा वाटा असतो, याबद्दल वाद नाही. मात्र जमिनीत उपलब्ध पालाश मुळातच भरपूर असेल, तर वेल ते गरजेपेक्षा जास्त शोषून नुसते साठवून ठेवतो. माझ्या रानात जादा पालाशमुळे मॅग्नेशियमचे शोषण अडले, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आणि ती पालाशचीच उणीव समजून मी आणखी एक हप्ता दिला. माती आधी तपासली असती, तर ही चूक झाली नसती.

पांढरीमाती : आपली जमीन चिकणमातीची असणार, म्हणून हा अनुभव आला. हलक्या, वाळूसर जमिनीत पालाश धरून ठेवणारी चिकण फारशी नसते आणि ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. गेल्या लागणीत माझ्या दोन वरंब्यांना पालाश द्यायचे राहून गेले. काढणीच्या दिवशी शेजारच्या वरंब्यातून मनगटाएवढी रताळी निघत होती आणि या दोन वरंब्यांत करंगळीएवढ्या मुळ्या हाती येत होत्या. आपले लेखन वाचून कोणी पालाश बंद केले, तर त्याच्या नुकसानीची जबाबदारी कोण घेणार?

सरीवरंबा : पालाश बंद करा, असे मी कोठेही लिहिलेले नाही, तेव्हा कृपया माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका. दुसरे असे की बहुतेकांचा घात पालाश नव्हे, तर युरिया करतो. युरियातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की वेल रान झाकून टाकतो, पाहणारा खूश होतो आणि खाली मुळे जाड होतच नाहीत. अशा रानात पालाश वाढवून काय साधणार?

गोठेवाला : आपण सर्वजण पोत्यांचा हिशेब मांडत आहात, पण वेलाबरोबर रानातून किती पालाश बाहेर जाते, हे कोणीच पाहत नाही. तरीही वेल जनावरांना घालणे म्हणजे नासाडी, असे कोणी म्हटले की मला संताप येतो. माझ्या घरी तीन पिढ्या वेल गोठ्यात जातो आणि शेणखत रानात परत येते.

पांढरीमाती : शेणखताने सगळे परत येते, हा गैरसमज आहे. जनावराच्या पोटात गेलेले बहुतांश पालाश शेणातून नव्हे, तर मूत्रातून बाहेर पडते. गोठ्यातले मूत्र नालीने वाहून जात असेल, तर आपण रानात परत नेता ते खत पालाशच्या बाबतीत अर्धेमुर्धेच असते.

गोठेवाला : शेणखताला नावे ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः एक जनावर सांभाळून पाहावे. शेणखताने माती भुसभुशीत होते आणि मुळांना फुगायला जागा मिळते, हे कोणत्याही पोत्यातून मिळत नाही.

सरीवरंबा : पांढरीमाती यांनी शेणखताला नावे ठेवलेली नाहीत, त्यामुळे चिडण्याचे कारण नाही. गोठ्यात पालापाचोळ्याचे अंथरूण टाकले, तर मूत्र त्यात मुरते आणि तेच कुजवून रानात नेता येते. वाळूसर जमिनीबद्दल त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. तेथे पालाश हवेच, पण सगळे लागणीच्या वेळी न देता निम्मे नंतर वरंब्यांना मातीची भर देताना द्यावे. सरसकट दुप्पट मात्रेचा सल्ला मात्र मी आजही चुकीचाच म्हणेन.

पांढरीमाती : हप्ते करण्याला माझा विरोध नव्हताच. माती न तपासता मात्रा ठरवण्याचा दोष माझ्याकडेही आहे, तेवढे नाइलाजाने स्वीकारतो.

गोठेवाला : शेणखतावरचे माझे मत बदललेले नाही. आमच्या गोठ्याची नाली मात्र अजून थेट ओढ्यालाच जाते, हे खरे आहे.