पाळणाघरासाठी अल्कोहोलविरहित सॅनिटायझर घ्यावे का? परिणाम खरोखर सारखाच असतो का?

सहकारनगर_पाळणाघर

नमस्कार. सहकारनगर भागात आम्ही तिघी मैत्रिणी मिळून एक पाळणाघर चालवतो. मुले साधारण दीड ते पाच वर्षांची आहेत. करोनाच्या काळात दाराशी अल्कोहोलच्या सॅनिटायझरची बाटली ठेवण्याची पद्धत पडली, ती अजूनही चालू आहे. नुकतेच एका पुरवठादाराने त्याऐवजी फेसाच्या स्वरूपातील अल्कोहोलविरहित सॅनिटायझर घेण्याचा आग्रह धरला आहे. त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा घटक ०.१३ टक्के असून बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापलेले आहे. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने हात कोरडे पडत नाहीत, आगीचा धोका राहत नाही, मुलाने बोट तोंडात घातले तरी काळजी नसते आणि परिणाम अल्कोहोलइतकाच होऊन तो अधिक वेळ टिकतो.

पालकांमध्ये दोन तट पडले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेल्याची बातमी काहींच्या मनातून अजून गेलेली नाही, त्यामुळे त्यांना अल्कोहोल नकोच आहे. एका मुलाच्या आजी माळकरी आहेत, त्यांचा आक्षेप वेगळ्या कारणाने आहे. उलट दोन पालक स्वतः डॉक्टर आहेत आणि अल्कोहोल नसेल तर सॅनिटायझर ठेवूच नका, असे त्यांचे म्हणणे आहे. निर्णय मला घ्यायचा आहे, आणि तो पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून घेण्याची माझी इच्छा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_सूक्ष्मजीवशास्त्र

ताई, ‘सारखाच’ हा दावा सरसकट खरा नाही, परंतु अल्कोहोलविरहित सॅनिटायझर म्हणजे निव्वळ रंगीत पाणी, असेही नाही. दोन्हींची काम करण्याची रीत वेगळी असल्यामुळे कोणता जंतू समोर आहे, यावर उत्तर अवलंबून राहते.

अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची रचना बिघडवते आणि त्यांचे स्निग्ध आवरण विरघळवते. त्यासाठी सोबत पाणी लागते, म्हणून शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ९५ टक्के तीव्रतेचे द्रावण अधिक प्रभावी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी एकात इथेनॉल ८० टक्के आहे, तर दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के आहे. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे चतुर्थक अमोनियम वर्गातील रसायन आहे. त्याचा धनभारित रेणू जंतूच्या ऋणभारित पटलाला चिकटतो आणि ते फाडतो. हा वर्ग नवा नाही. ज्या गेरहार्ड डोमाक या जर्मन संशोधकांना पुढे प्रॉन्टोसिल या सल्फा वर्गातील जंतुविरोधी औषधासाठी नोबेल मिळाले, त्यांनीच १९३५ मध्ये या रसायनाचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले होते. आपल्या घरातल्या सॅव्हलॉनमधील सेट्रिमाइड हेही याच कुळातले आहे.

आता उणिवा सांगतो. त्वचेवर सर्रास आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर आणि करोना, फ्लू यांसारख्या आवरण असलेल्या विषाणूंवर बेन्झाल्कोनियम प्रयोगशाळेत चांगले काम करते. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर (ज्यांना बाहेरून एक जादा पटल असते), विशेषतः ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनासवर, त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि क्षयाच्या जंतूवर तर त्याहून कमी. ज्यांना बाह्य आवरण नसते त्या विषाणूंवर, म्हणजे नोरोव्हायरस, अ प्रकारच्या काविळीचा विषाणू आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे एन्टेरोव्हायरस यांच्यावर, त्याचा भरवसा धरता येत नाही. पाळणाघरात पावसाळ्यात नेमके हेच आजार फिरतात. मात्र या विषाणूंवर अल्कोहोलही तितकेसे चालत नाही. म्हणून माझ्या मते आपल्या पालकांचा वाद दुय्यम गोष्टीवर चालला आहे. शौचानंतर, लंगोट बदलल्यावर आणि जेवणापूर्वी साबण-पाण्याला दोन्हींपैकी कोणतेही सॅनिटायझर पर्याय ठरत नाही.

आणखी एक बाब माहितीपत्रकात सहसा नसते. साबण ऋणभारित असतो, त्यामुळे हातावर साबणाचा अंश राहिला असेल तर बेन्झाल्कोनियम निष्प्रभ होते. अन्नाचे कण, माती, घाम यांनीही त्याचा जोर कमी होतो. अल्कोहोलला साबणाचा असा अडथळा नाही, परंतु हात मळलेले असतील तर तेही उणे पडते. ‘अधिक वेळ टिकणारा परिणाम’ हे विधान अर्धसत्य आहे. अल्कोहोल उडून जाते आणि बेन्झाल्कोनियमचा थर मागे राहतो, हे खरे. परंतु तो थर वाळूत खेळणाऱ्या, बोटे चोखणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातावर किती वेळ कामाचा राहील, याचा विचार आपणच करावा.

वॉर्डातली_सिस्टर

सरांच्या म्हणण्याला रुग्णालयाच्या बाजूने थोडी पुस्ती जोडते. रुग्णालयात अल्कोहोल रुजले ते केवळ त्याच्या मारकशक्तीमुळे नव्हे, तर वेळ वाचतो म्हणून. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जाऊन हात धुणे परिचारिकेला शक्य होत नाही. जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉ. डिडिए पिटे यांच्या चमूने खाटेजवळच अल्कोहोलचे द्रावण उपलब्ध केले आणि मोहीम चालवली, तेव्हा हातांच्या स्वच्छतेचे पालन १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. अल्कोहोल २० ते ३० सेकंदांत काम उरकते, साबणाने नीट हात धुवायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. पाळणाघरात बेसिन चार पावलांवर असते आणि अंगावर वीस खाटा नसतात, तेव्हा रुग्णालयातील पद्धत जशीच्या तशी आणण्याची गरज नाही. डॉक्टर पालकांना हे समजावून सांगता येईल.

आम्ही वापरतो त्या निळ्या स्टेरिलियममध्ये दोन प्रकारचे प्रोपॅनॉल मिळून सुमारे ७५ टक्के असते आणि जोडीला चतुर्थक अमोनियम वर्गातील एक रसायन अल्प प्रमाणात, म्हणजे ०.२ टक्के असते. म्हणजे रुग्णालयात त्या वर्गाचे वावडे नाही, पण झटपट जंतू मारण्याचे मुख्य काम तिथेही अल्कोहोलच करते. जुलाबाच्या काही रुग्णांच्या बाबतीत, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यांतील जिवाणूची शंका असेल तर, आम्हाला साबण-पाण्यानेच हात धुवायला सांगितलेले असते, कारण त्याच्या बीजाणूंवर, म्हणजे कठीण कवचातल्या सुप्त रूपावर, अल्कोहोल चालत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत पुरवठादाराचे बोलणे अर्धेच ग्राह्य धरावे. हातावर चोळून वाळलेल्या अल्कोहोलचे बोट तोंडात गेले तर सहसा काही होत नाही. धोका असतो तो बाटलीतून प्यायल्यास, कारण लहान मुलांत अल्कोहोलमुळे रक्तातील साखर झपाट्याने घटू शकते. म्हणून बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवूच नये, मोठ्या माणसाने पंप दाबून द्यावा. अल्कोहोलविरहित द्रावण इतक्या कमी तीव्रतेला घातक नसले, तरी तेही डोळ्यांत आणि पोटात जाण्याची वस्तू नाही. डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, पायाने दाबण्याचे उभे स्टँड पाळणाघरात अजिबात ठेवू नका. मोठ्यांच्या कमरेची उंची म्हणजे मुलाच्या डोळ्यांची उंची. फ्रान्समध्ये २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये मुलांच्या डोळ्यांत सॅनिटायझर उडण्याच्या घटना सुमारे सातपट झाल्याची नोंद आहे.

माळकरी आजींचा मान राखणे काही अवघड नाही. त्यांच्या नातवाला बेसिनवर नेले की झाले.

भोसरी_क्यूसी

मी औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. फक्त बाटली हातात घेतल्यावर काय वाचावे, एवढेच लिहितो.

‘९९.९ टक्के’ हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, परंतु त्याचा अर्थ दहा लाखांतील एक हजार जंतू शिल्लक, एवढाच आहे. हा आकडा कोणत्या जंतूवर, किती सेकंदांत आणि काचेच्या नळीत की माणसाच्या हातावर मिळाला, हे बाटलीवर क्वचितच लिहिलेले असते. युरोपात ईएन १५०० ही चाचणी प्रत्यक्ष हातांवर घेतात आणि तिच्यात नव्या द्रावणाची तुलना ६० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलशी केली जाते. पुरवठादाराकडे अशा चाचणीचा अहवाल मागा. त्याच्याकडे अहवाल नसेल, तर ‘अल्कोहोलइतकाच परिणाम’ हे त्याचे वाक्य आपण विसरून जावे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील अन्न व औषध प्रशासनाने, एप्रिल २०१९ मध्ये ग्राहकांच्या सॅनिटायझरांतील २८ घटक बाद ठरवले आणि इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल व बेन्झाल्कोनियम क्लोराइड या तिघांचाच निर्णय पुढील पुराव्यासाठी राखून ठेवला. विक्रेते याचा दाखला ‘मान्यता मिळाली’ असा देतात. तो चुकीचा आहे, निर्णय राखून ठेवणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. तेथील रोग नियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, सल्ला तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलेच सॅनिटायझर वापरण्याचा आहे.

अल्कोहोलच्या बाटलीवर टक्केवारी आकारमानाची आहे की वजनाची, तेही पाहावे. आकारमानाने ६० टक्के इथेनॉल म्हणजे वजनाने जेमतेम ५२ टक्के. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय बाटली घेऊ नये. सुट्या कॅनमधले स्वस्त द्रावण तर मुळीच नको. २०२० मध्ये मिथेनॉल आढळलेल्या कितीतरी सॅनिटायझरांबाबत अमेरिकेत इशारे द्यावे लागले होते, आणि मिथेनॉल वासावरून ओळखता येत नाही.

अल्कोहोलविरहित बाटलीबाबत एक खास सूचना आहे. रिकामी होत आलेल्या जुन्या बाटलीतच नवे द्रावण ओतत राहू नका. चतुर्थक अमोनियमच्या द्रावणांत स्यूडोमोनास किंवा बर्कहोल्डेरिया यांसारखे जिवाणू वाढल्याची, म्हणजे जंतुनाशकातच जंतू सापडल्याची, उदाहरणे वैद्यकीय क्षेत्राला चांगली माहीत आहेत. काही सोसायट्या याच वर्गातील फरशीचे द्रावण बोअरच्या जड पाण्यात पातळ करून भरून ठेवतात. त्या पाण्यातील क्षारांमुळे त्याचा उरलासुरला प्रभावही कमी होतो.

आगीचा मुद्दा मात्र पुरवठादाराने खरा सांगितला आहे. ८० टक्के इथेनॉलचा ज्वलनांक १७.५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे पुण्याच्या बहुतेक दिवसांत त्याची वाफ पेट घेऊ शकते. हात पूर्ण सुकल्याशिवाय निरांजन किंवा गॅसजवळ जाऊ नये आणि साठा स्वयंपाकघरात ठेवू नये.

सहकारनगर_पाळणाघर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दाराशी ठेवलेली बाटली काढून टाकायची आणि मुले आली की थेट बेसिनवर न्यायची, एवढे आता नक्की केले आहे. दोन शंका मात्र राहिल्या आहेत. आम्ही मुलांना कधीकधी सारसबागेत नेतो आणि तिथेच डबा खातो, तेव्हा बेसिन कुठून आणायचे? आणि दुसरे असे की, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून काही पालक प्रत्येक खेळणे सॅनिटायझरने पुसण्याचा आग्रह धरतात. त्यात काही तथ्य आहे का?

वॉर्डातली_सिस्टर

बागेत नेताना पाण्याच्या दोन बाटल्या आणि कागदी साबण सोबत ठेवावा. एक जण पाणी ओतेल, दुसरी हात चोळून देईल. तेवढे जमले नाही तर ओल्या रुमालाने माती पुसून घ्यावी आणि नंतर अल्कोहोलचे सॅनिटायझर आपण स्वतः मुलाच्या तळहातावर घालावे. ते बोटांच्या बेचक्यांत आणि नखांपाशी पोहोचले पाहिजे, आणि हात आपोआप सुकेपर्यंत डबा उघडू नये. फुंकर घालून किंवा फ्रॉकला पुसून सुकवले, तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. ज्या मुलाच्या हाताला चिरा पडल्या आहेत किंवा इसब आहे, त्याच्यासाठी अल्कोहोलविरहित फेसाची छोटी बाटली वेगळी ठेवायला माझी हरकत नाही, कारण अल्कोहोल झोंबते म्हणून हातच पुढे न करणाऱ्या मुलाला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

निवृत्त_सूक्ष्मजीवशास्त्र

दुसऱ्या शंकेबाबत लिहितो. त्या साथीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित पाण्यातून किंवा कच्च्या चिकनमधून पोटात जाणारा जिवाणू आढळला होता आणि संशयाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे होता. त्यावर उपाय म्हणजे पाणी उकळणे आणि चिकन पूर्ण शिजवणे. खेळणी सॅनिटायझरने पुसून त्या बाबतीत काहीही साधत नाही, शिवाय हातांसाठीचे द्रावण पृष्ठभागांसाठी वापरणे महागही पडते.

रोजच्या रोज खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे पुरेसे आहे. एखाद्या मुलाला उलट्या-जुलाब किंवा हात-पाय-तोंडाचा आजार झाला असेल, तर धुतल्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचे ०.१ टक्के द्रावण वापरावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर त्याचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग घ्यावेत. द्रावण त्याच दिवशी तयार करून त्याच दिवशी संपवावे, खेळणी त्यात दहा मिनिटे बुडवून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावीत. हे द्रावण संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कापडी बाहुल्या गरम पाण्यात धुवाव्यात, आणि ज्या धुता येत नाहीत त्या आजारी मूल बरे होईपर्यंत कपाटात ठेवाव्यात.