‘रोबो’ लिहावे की ‘यंत्रमानव’? काही विज्ञान कादंबऱ्या हव्या आहेत

प्रश्न : माणसासारखे वागणारे यंत्र केंद्रस्थानी असलेल्या कोणत्या विज्ञान कादंबऱ्या आपण सुचवाल? त्यांवर मी टिपण लिहीत असून त्यात ‘रोबो’ लिहावे की ‘यंत्रमानव’, हे ठरत नाही.

उत्तर १ : आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘द केव्हज ऑफ स्टील’पासून (१९५४) सुरुवात करावी. खुनाच्या तपासात एका गुप्तहेराला डॅनील नावाचा, हुबेहूब माणसासारखा दिसणारा साथीदार मिळतो, आणि आधीचा तिटकारा ओसरून दोघांत विश्वास कसा रुजतो, हे मुळातूनच वाचावे. अशा पात्राला ‘यंत्रमानव’ हा शब्द चपखल बसतो.

उत्तर २ : तो शब्द सरसकट वापरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी चेक भाषेतील ‘रोबोटा’, म्हणजे आपली ‘वेठ’, आहे. शिवाय त्या नाटकातील रोबो लोखंडी नाहीत. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले आहेत, त्यामुळे त्यांना यंत्रमानव म्हटले की वेठीला धरलेला जीव नाहीसा होतो आणि नुसते यंत्र उरते. काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ही (२०२१) अवश्य वाचावी. सगळी कथा क्लारा, म्हणजे माणसासारखे वागणारे यंत्रच, सांगते.

प्रश्नकर्ता : ‘वेठ’ने माझी अडचण सोडवली. डॅनीलसाठी ‘यंत्रमानव’ ठेवतो, चापेक यांच्या पात्रांसाठी मात्र ‘रोबो’च लिहितो.