१९७२ ची शेवरोले सी-१० (पिकअप ट्रक) मागून खाली आणायचीय

टेक्सासकर: मागे कॉइल स्प्रिंग आन ट्रेलिंग आर्म (अ‍ॅक्सलला फ्रेमशी जोडणारे लांब दांडे) आहेत, ५ इंच उतरवायचीय. स्प्रिंग कापून चालेल का? घरी ग्राइंडर आणि छोटा वेल्डर एवढंच आहे.

जुनीगाडी: कापू नकोस रे बाबा, बुटक्या स्प्रिंगा मिळतात त्या टाक. पण ५ इंचाला अ‍ॅक्सल फ्रेमवर आपटणार म्हणजे सी-नॉच (अ‍ॅक्सलला जागा करायला फ्रेममध्ये सी आकाराची खाच कापून तिथे बसवायचा मजबुतीचा तुकडा) आलाच, आणि फ्रेम कापायच्या आधी नीट खालून टेकू दे नाहीतर वाकली की बस बोंबलत. बोल्टवाला नॉच घे, छोट्या वेल्डरवर भरवसा नको.

ग्रीसहात: पॅनहार्ड बार (अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) पण अ‍ॅडजस्टेबल लाव, गाडी उतरवली की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो.

टेक्सासकर: बरं, आणि पुढच्या बाजूला काय?

ग्रीसहात: ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवलेला स्पिंडल, म्हणून गाडी खाली बसते). अडीच इंच उतरते, स्प्रिंग ओरिजिनलच राहते.