नव्या घरातले पहिले काही महिने : खिळे, बिले, नळ आणि पत्ता (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात आम्ही घर बदलले. गृहकर्ज कोठून घ्यावे, देवघर कोणत्या दिशेला असावे, भिंतींना कोणता रंग द्यावा यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटले. परंतु सामानाचा टेम्पो निघून गेल्यावर रात्री साडेनऊला चहाची तलफ आली, तेव्हा गॅसचा लायटर कोणत्या खोक्यात असेल हे सांगणारे कोणीही नव्हते. एकूण ४३ खोकी होती आणि त्यांपैकी १९ खोक्यांवर माझ्याच अक्षरात ‘इतर’ असे लिहिलेले होते. त्या रात्री हा धागा काढायचे ठरवले. कर्ज, व्याजदर आणि वास्तुशास्त्र सोडून बाकी काहीही लिहावे. विषय जितका क्षुल्लक, तितका अनुभव उपयोगी पडण्याची शक्यता अधिक. सुरुवात मीच करतो.

पुणे, बावधन

आमचे जुने घर सदाशिव पेठेत, विटांच्या भिंतींचे. तेथे खिळा ठोकायला हातोडी आणि थोडा धीर पुरत असे. नव्या इमारतीत वडिलांनी घड्याळासाठी पहिला खिळा ठोकला, तो वाकला. दुसरा उडून सोफ्याखाली गेला. तिसऱ्याने भिंतीवर नाण्याएवढा गिलाव्याचा पापुद्रा काढला. हार्डवेअरच्या दुकानात गिट्ट्या मागायला गेलो, तेव्हा दुकानदाराने न बघताच विचारले, “भिंत विटेची की मायवानची?” अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या घराच्या जवळजवळ सर्वच भिंती काँक्रीटच्या असतात, आणि तेथे घरगुती ड्रिल मशीन केवळ आवाज करते, हे ज्ञान मला त्या दुकानात झाले. हॅमर ड्रिलवाल्याला बोलवावे लागले. तो भोकामागे पैसे घेतो आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणे असे काम रविवारी करता येत नाही, त्यामुळे एका घड्याळासाठी कार्यालयातून रजा घ्यावी लागणार होती. मग आम्ही आठवडाभर थांबलो, घरभर पेन्सिलीने १७ फुल्या मारून ठेवल्या आणि एकाच सकाळी देव्हारा, पडद्यांच्या दांड्या, आरसे आणि कपडे वाळत घालायची कप्पी असे सगळे उरकून घेतले. त्यांपैकी दोन फुल्या त्या कारागिराने स्वतः पुसून टाकल्या, कारण त्या स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर होत्या आणि वायरी बहुधा तेथूनच जातात. ताबा घेण्यापूर्वी, वायरिंग दिसत असतानाच भिंतींचे फोटो काढून ठेवता आले असते. हे मात्र सुचायला उशीर झाला.

आणखी एक काम राहण्यासारखे असते, म्हणून लिहितो. पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते. परंतु नव्या मिळकतीला ती मिळण्यासाठी आपण तेथेच राहतो याच्या पुराव्यासह पीटी-३ हा अर्ज भरून द्यावा लागतो. शेजारच्या घरात तो भरलेला नव्हता आणि बिल का फुगले यावर त्यांनी दोन रविवार चर्चा केली होती.

ठाणे

मी भाडेकरू आहे आणि अडीच वर्षांत हे तिसरे घर. भाडेकराराची नोंदणी आता घरबसल्या होते. महाराष्ट्रात ती कायद्याने आवश्यकच आहे. एकूण भाड्याच्या हिशेबावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी आणि एजंटाचा मेहनताना एवढ्यात काम होते, असे मला सांगितले होते आणि ते खरेही होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला, माझा ठसा क्षणात जुळला, आणि गाडी अडली ती घरमालकीणबाईंपाशी. त्या आजी ७८ वर्षांच्या. यंत्राला त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच दिसेनात. हात धुऊन झाले, ओल्या फडक्याने पुसून झाले, व्हॅसलीन लावून झाले, अंगठा आडवा-उभा दाबून झाला. शेवटी आजी म्हणाल्या, “अहो, घर माझं आहे ते मला ठाऊक आहे. या डबीला पटत नसेल तर मी काय करू?” दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाण्यात हात धरून बसल्यावर ठसा जुळला. घरमालक वृद्ध असतील, तर करारासाठी संध्याकाळ न निवडता सकाळ निवडावी आणि एजंटाला घाई नसेल असा दिवस निवडावा, एवढे मी शिकलो.

करार ११ महिन्यांचा असतो. बँक, आधार, गॅस, कार्यालय अशा सर्व ठिकाणी पत्ता बदलून होईपर्यंत त्यांतले चार-पाच महिने संपलेले असतात. मतदारयादीसाठीचा ८ क्रमांकाचा अर्ज मी या वेळी प्रथमच भरला. आधीच्या दोन घरांत आळस केला, हे कबूल करतो.

छत्रपती संभाजीनगर

आम्ही जुना फ्लॅट विकत घेतला. वीजजोडणी अर्थातच आधीच्या मालकांच्या नावावर होती आणि ग्राहक क्रमांकाशी मोबाइलही त्यांचाच जोडलेला होता. ते काका आता इंदूरला मुलाकडे राहतात. दर महिन्याला त्यांचा फोन येई, “बिल आलं बरं का. या वेळी जरा जास्तच आहे, एसी लावलात का?” त्यांचा हेतू चांगला होता, पण माझ्या सासूबाईंखेरीज विजेच्या वापराबाबत उलटतपासणी घेणारी आणखी एक व्यक्ती घराला मिळाली, हे मला पचायला जड गेले. नाव बदलण्याचा अर्ज मी सहा महिने पुढे ढकलला, कारण त्यासाठी लागणारी इंडेक्स टूची (खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत बँकेत दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात होती. खरेदीच्या दिवशीच तिच्या चार प्रती काढून ठेवल्या असत्या, तर वीज, मिळकतकर आणि सोसायटी ही तिन्ही कामे एका आठवड्यात झाली असती. सोसायटीने भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवताना हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून ४०,००० रुपये मागितले होते. महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, हे सचिवांना लेखी विचारल्यावर आकडा मुकाट्याने खाली आला. अखेर विजेचे नावही बदलले. पुढच्याच महिन्यात इंदूरहून फोन आला. बिलाचा संदेश आला नाही, म्हणून काका काळजीत पडले होते.

म्हापसा

माझे लिहिणे थोडेसेच आहे. सोलापूरहून येथे आल्यावर पहिले तीन दिवस सकाळी दारावरून जाणारा भोंगा कशाचा, हे आम्हाला कळले नाही, आणि आम्ही दुकानातून पिशवीबंद ब्रेड आणत राहिलो. शेजारणीने सांगितले की तो पोदेर. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव, पोई, उंडे असे पावाचे प्रकार घेऊन येतो, आणि फाटकाला पिशवी अडकवून ठेवली की उठण्याआधी पाव पिशवीत पडलेला असतो. बाकीच्या खरेदीसाठी शुक्रवारचा बाजार. ज्वारी मात्र घरूनच आणावी लागते.

नागपूरहून पुण्यात

गॅसची गोष्ट राहू नये, म्हणून लिहिते. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करायचे, अनामत रक्कम घ्यायची आणि मिळालेले टर्मिनेशन व्हाउचर नव्या गावच्या वितरकाला द्यायचे, अशी सरळ पद्धत आहे. मी सर्व यथासांग केले आणि ते व्हाउचर सुरक्षित राहावे म्हणून शेगडीसोबतच्या खोक्यात ठेवले. ते खोके ट्रकमध्ये सर्वांत आधी चढले, म्हणजे सर्वांत शेवटी उतरले, आणि त्यावर कूलरचे स्टँड ठेवलेले होते. पुण्यात कूलर आणल्याबद्दल सगळे हसले. मे महिन्यात तेच लोक आमच्या हॉलमध्ये येऊन बसत. तर सांगायचे असे की, कागद अंगावरच्या पर्समध्ये ठेवावेत. रबरी नळीही नवी घ्यावी. जुनीवर छापलेले साल मी प्रथमच वाचले, आणि पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती.

श्टुटगार्ट, जर्मनी

येथे भाड्याचे घर मिळाले, किल्ल्या मिळाल्या, आणि आत गेल्यावर दिसले की स्वयंपाकघरात स्वयंपाकघर नाही. चार भिंती, पाण्याची दोन तोंडे आणि भिंतीतून बाहेर आलेली एक जाड वायर. ओटा, सिंक, शेगडी, कपाटे हे सर्व जुना भाडेकरू घेऊन गेला होता. जर्मनीत हे सर्रास घडते. छतालाही दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. ओटा बसून वीजतंत्र्याने शेगडी जोडेपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर खोलीतल्या मेजावर एकाच विजेच्या शेगडीवर खिचडी, पिठले आणि पुन्हा खिचडी, आणि भांडी बाथटबमध्ये, ओणव्याने.

राहायला आल्यावर १४ दिवसांत नगरकार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते व त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. येथवर सर्व वेळेत झाले. पण बँकेचे कार्ड येईना, करक्रमांकाचे पत्र येईना. आमच्या इमारतीत घरांना क्रमांकच नाहीत. टपाल पडते ते पेटीवरच्या आडनावावर, आणि आमच्या पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचे नाव होते. दोन पत्रे परत गेल्यावर मी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावले, आणि तिसऱ्या दिवशी पहिले पत्र आले. ते दूरदर्शन-रेडिओच्या शुल्काचे होते : महिन्याला १८.३६ युरो, घरात दूरदर्शन संच असो वा नसो. पुण्याच्या लेखकमहाशयांना सांगावेसे वाटते की रविवारी भोक पाडण्याची बंदी येथेही आहे; काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकण्याचीही आहे.

या भागात जिना झाडण्याची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते, आणि काम संपल्यावर ती पुढच्या दाराला अडकवायची. पहिल्या आठवड्यात ती पाटी मला स्वागताची वाटली आणि मी तिचा फोटो आईला पाठवला. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाई माझ्या दारात केरसुणी घेऊन उभ्या राहिल्या.

कुडाळजवळ, सिंधुदुर्ग

डोंबिवलीत ३४ वर्षे काढून निवृत्तीनंतर आम्ही गावच्या घरी राहायला आलो. वर जे लिहिले गेले, ते वाचताना मौज वाटली, कारण आमच्याकडे जांभ्याच्या भिंतीत खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज बाहेरही येतो. खरा त्रास विहिरीवरच्या पंपाचा. तळाचा फूट व्हॉल्व्ह गळत असल्याने रात्रीत पाइपातले पाणी उतरते आणि रोज सकाळी पंपात तांब्याने पाणी ओतल्याखेरीज तो पाणी उचलत नाही. दुरुस्ती करणारा फोनवर अत्यंत आदबीने “काका, उद्या येतंय” असे सांगतो. हे ऐकत मला सात आठवडे झाले. त्याच्यावर रागावताही येत नाही; एकट्याने पाच गावे सांभाळतो. दरम्यान माकडांनी कौले सरकवली आणि शाकारणी पावसाच्या तोंडावर दुप्पट मजुरीने करून घ्यावी लागली, ती चूक सर्वस्वी माझी, एप्रिलमध्ये आंबे पाहत बसलो.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या कर-आकारणीच्या नोंदवहीत, घर अजून आजोबांच्या नावाने आहे. वारसनोंदीसाठी सहा चुलत भावंडांच्या सह्या हव्यात. त्यांपैकी चार झाल्या, पाचवा बडोद्याला असतो आणि सहावा बोलत नाही. कुरिअरवाला आमच्या घरापर्यंत येत नाही, तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर पार्सल ठेवून जातो. नवा फूट व्हॉल्व्ह मी मागवला आहे. काल टपरीवाल्याने निरोप पाठवला की तो येऊन पडला आहे.