‘अ ब्रायटर समर डे’ अर्धवट सोडलाय, पुढे बघू का?

मुक्ता_पी:
एडवर्ड यांगचा तैवानी पिक्चर, 1991 चा. खऱ्या खुनावर आहे म्हणून लावला, पण सव्वा तास झाला तरी खून नाही, तपास नाही, नुसती शाळकरी पोरं आणि त्यांच्या दोन गँग. सगळ्यांचा गणवेश एकच, निम्मे सीन अंधारात, कोण कुठल्या टोळीतला तेच कळेना. अजून जवळजवळ पावणेतीन तास आहेत. बघावा का पुढे?

रानवाट:
बघाच. आणि खून कोण करणार याची वाट बघू नका, कारण चिनी नावातच सगळं सांगून टाकलंय, गुलिंग रस्त्यावर एका पोराने केलेल्या खुनाची घटना असं काहीसं नाव आहे ते. जून 1961, तैपेई, एका शाळकरी मुलाने ओळखीतल्या मुलीला भोसकलं. यांग तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि नंतर त्याच शाळेत शिकला, म्हणजे ही बातमी त्याने पेपरातून उचललेली नाही, ती त्याच्या लहानपणातच होती.
आता टोळ्या. 1949 ला चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकल्यावर तिथून तैवानला पळून आलेल्या लोकांची ही पोरं. आईबापांना वाटतंय आज ना उद्या परत जाऊ, घरं जुनी जपानी (आधी तैवानवर जपानचं राज्य होतं), बाहेर मार्शल लॉ (तो 1987 पर्यंत होता), कधी कोणाला उचलतील नेम नाही. घरात मोठी माणसंच घाबरलेली असल्यावर पोरं आधार शोधणार कुठे, टोळीतच ना.

सावली77:
+1. टॉर्चवर लक्ष ठेवा. सुरुवातीला पिक्चरमधला मुख्य मुलगा तो शाळेशेजारच्या फिल्म स्टुडिओतून चोरतो, मग अख्खा पिक्चर त्या उजेडात चाचपडतो (स्पॉयलर) आणि शेवटी रस्त्यावर जायच्या आधी टॉर्च स्टुडिओतच ठेवून निघतो. मी ते दुसऱ्यांदा बघताना पाहिलं आणि पोटात गोळा आला.
आणि त्याचे वडील! आधी शाळेत जाऊन मुलासाठी ताठ मानेने भांडतात, मग गुप्त पोलीस चौकशीला नेतात, दिवसचे दिवस लिहून घेतात, आणि घरी परत येतो तो वेगळाच माणूस. पुढच्या वेळी त्याच शाळेत ते अक्षरशः गयावया करतात आणि मुलगा ते बघत उभा असतो. माझ्यासाठी खून तिथेच सुरू होतो. वडील आणि मुलगा खऱ्या आयुष्यातही बापलेकच आहेत, मुलाचं काम करणाऱ्या चँग चेनचा हा पहिला मोठा रोल.

गौरी_देश:
सगळं पटलं, पण सगळे त्या मुलाबद्दलच बोलताय. जिचा खून होतो त्या मिंगचं काय? आई आजारी, डोक्यावर धड छप्पर नाही, जो येतो तो तिला वाचवायला किंवा सुधारायला येतो. ती त्याला स्पष्ट सांगते की मी या जगासारखीच आहे, जग बदलणार नाही. त्यावर तो चाकू चालवतो. परिस्थिती समजली मला, पण मेली ती, आणि शेवटच्या पाटीवर शिक्षा त्याची सांगतात, आधी फाशी मग 15 वर्षं. मला रडू तिच्यासाठी आलं.

मुक्ता_पी:
गौरी, हे वाचून थांबले जरा. शनिवारी परत पहिल्यापासून लावते, टॉर्च आणि मिंग दोन्हीकडे बघत.